सुजणाऱ्या माणसांची वंशावळ

मी वाटूर फाट्यावर ब्लाऊज शिवते. माझ्या हातचं ब्लाऊज ढिलं झालं म्हणून कुणी माघारी आणलं, असं बावीस वर्षांत घडलेलं नाही. परतूरहून बाया येतात. एकदा तर जुन्या जालन्यातल्या एका मारवाडी कापडवाल्यांच्या सुनेनं बस्त्यातली सगळी ब्लाऊजं माझ्याकडून शिवून नेली. आता तुम्ही म्हणाल, बाई आजारपणाचं सांगायला बसली आणि स्वतःचीच टिमकी वाजवायला लागली. वाजवते. घशात नळी घालून चार दिवस जिचं तोंड बंद ठेवलं होतं, तिनं थोडी टिमकी वाजवली तर कुणाचं काय बिघडलं?

हे मी लिहिते आहे ते अशा माणसांसाठी, ज्यांचा हात किंवा ओठ कारण नसताना सुजतो, दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो आणि घरचे म्हणतात, पित्त झालंय. अंगावर गांधी उठत नसतील, खाज येत नसेल, पित्ताच्या गोळीनं काडीचाही फरक पडत नसेल, तर हातातलं काम बाजूला ठेवून पुढचं वाचा.

घोंगडी

माझं माहेर टेंभुर्णीकडचं. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, जन्मभर मेंढरं राखत आले. लहानपणी माझा हात सुजायचा. किती, तर बोटं एकमेकांना चिकटायची आणि मूठ वळायची नाही. कधी डोळा सुजायचा, कधी पाऊल. दोन-चार महिन्यांनी पोटात असा गोळा उठायचा की मी भिंतीला डोकं घासायचे.

आमच्याकडे पित्तावर एकच इलाज. गेरू फासायचा आणि घोंगडीत गुंडाळायचं. लोकर टोचली की गांधी बसतात म्हणे. मला गांधी नव्हत्याच, पण विचारतं कोण? भर उन्हाळ्यात मी घोंगडीत घामाघूम होऊन पडायचे. तिसऱ्या दिवशी सूज उतरायची आणि घोंगडीचं कौतुक व्हायचं. ती सूज तशीही उतरलीच असती.

लग्न ठरलं तेव्हा आईनं मला बाजूला घेतलं. "सासरी सूज आली तर पित्त म्हन. दुसरं कायबी बोलू नको."

"दुसरं काय हाय बोलायसारखं?" मी विचारलं.

आई पदरानं तोंड पुसत आत गेली. पुढं ती वारली आणि माझा प्रश्न तिच्याबरोबरच गेला. मी मात्र तिचा शब्द पाळला. बावीस वर्षं पित्तच म्हणत राहिले. एकदा पोटातल्या गोळ्यापायी माझं अपेंडिक्स काढलं. ते बिचारं निघून गेलं, गोळा राहिला तिथंच.

गळ्याचं माप

मागं मला रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू करताना सरळ विचारलं, "दुसरा काही त्रास? कधी सूजबीज? घरात कुणाला काही?" मी म्हटलं, काही नाही. आता हे नीट ऐका. त्या डॉक्टरांची काहीच चूक नव्हती. विचारायचं ते त्यांनी विचारलं होतं, खोटं मी बोलले.

तीन आठवड्यांनी, लग्नसराईतल्या एका दुपारी, दुकानात एका नवरीची आई बसली होती. मी तिला विचारलं, "बाही किती ठेवू?" आणि मला माझाच आवाज ओळखू येईना.

ती म्हणाली, "कांताताई, तोंडात सुपारी हाय का?"

आरशात बघितलं तर खालचा ओठ लोंबत होता. जीभ दातांत मावेना. माझ्या गळ्यात कायम टेप असतो, तोच मी गळ्याभोवती धरला. आम्हा शिवणाऱ्या बायांना स्वतःची मापं पाठ असतात. माझा गळा तेरा इंच. टेपावर साडेचौदा आले. आमचे हे पिकअप घेऊन येईपर्यंत पंधरा झाले होते.

जालन्याच्या रस्त्यानं हे गाडी हाणत होते, मी मधे आणि पलीकडून सासूबाईंनी माझा हात धरलेला. सासूबाई कडक बाई. मला इतक्या वर्षांत कधी 'बरं केलंस' म्हटलेलं नाही. त्या दिवशी मात्र एकच बोलत राहिल्या, "जल्दी चालव रे, पोरीचा दम कमी पडून राह्यला."

दवाखान्यात तरुण डॉक्टर धावत आले. सुई टोचता टोचता त्यांनी विचारलं, "आधी कधी अशी सूज आली होती?"

सासूबाई म्हणाल्या, "कधीच न्हाई. पित्ताचा त्रास तेवढा हाय."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. मला बोलता येत नव्हतं, पण मान हलवता येत होती. श्वास आत जात नव्हता, समोर विचारणारा माणूस उभा होता आणि शेजारी सासूबाई उभ्या होत्या. मी मान हलवली, नाही.

मरायला टेकले होते आणि तरी खोटं बोलले. एवढी मुरली होती ती सवय अंगात. या सगळ्या आजारपणात मला कशाची लाज वाटत असेल तर त्या एका मान हलवण्याची.

ॲलर्जीची इंजेक्शनं झाली, त्यांचा काही उपयोग झाला नाही. शेवटी घशात नळी घातली आणि मला संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात हलवलं.

सिस्टर आणि टेप

अतिदक्षता विभागात घड्याळ दिसतं, पण ते चालतं की नाही कळत नाही. पहाटे अंग पुसायला येणार, मग सुई, मग एक्स-रेचं यंत्र ढकलत आणणार, मग डॉक्टरांचा घोळका. हात बांधून ठेवलेले, कारण झोपेत आपणच नळी ओढतो म्हणे. भीती कसली वाटते सांगू? मरणाची पहिल्या दिवशी वाटते. नंतर वाटते ती ही की, आपल्याला खाकरावंसं वाटेल आणि कुणाच्या लक्षातच येणार नाही.

तिथं अंबडकडची एक सिस्टर होती. माझ्या सामानात टेप बघून तिनं विचारलं, "शिवता का?" मी पापण्या मिटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तोच टेप माझ्या गळ्याला लावला आणि आकडा माझ्या डोळ्यांसमोर धरला. साडेपंधरा. पुढच्या सकाळी पंधरा. त्याच्या पुढच्या सकाळी चौदा. कुणी तिला सांगितलं नव्हतं, कुठल्या कागदावर ते लिहायचंही नव्हतं. पण मी त्या आकड्यावर दिवस काढत होते. तिचं भलं होवो. आज तिच्याकडची तीन ब्लाऊजं माझ्या हातची आहेत आणि शिलाई विचारली तर मी भांडते.

चौथ्या दिवशी नळी निघाली. मला वॉर्डात हलवलं. सासूबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर माझे केस विंचरले.

फुटाणे

तिथल्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्या माझ्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. हे होते, सासूबाई होत्या, माझी एकुलती एक मुलगी ऋतुजा होती आणि टेंभुर्णीहून आलेले आप्पा पायथ्याशी खाली बसले होते.

डॉक्टर म्हणाल्या, "सूज उतरली, पण आमच्या औषधानं उतरली असं मला वाटत नाही. ॲलर्जी म्हणून घरी पाठवलं तर हे परत होईल, आणि दर वेळी घरापासून दवाखान्यापर्यंत वेळ मिळेलच असं नाही. मला कारण पाहिजे. घरात कुणाला असं झालंय?"

सासूबाई तोंड उघडणार तोच आप्पा उठले.

आप्पांचं एक सांगते. त्यांना अक्षर ओळखू येत नाही, पण दीडशे मेंढरांची आई आणि आईची आई तोंडपाठ. कुठल्या मेंढीच्या पोटची पिलं लंगडी निघतात, कुठलीच्या वंशात दूध लवकर आटतं, सगळं डोक्यात. आणि बंडीच्या खिशात कायम फुटाणे-शेंगदाणे, मेंढरांमागं चालायची सवय.

त्यांनी खिसा माझ्या जेवणाच्या टेबलावर उलटा केला.

"म्याडम, मला लिव्हता येत न्हाई. मांडून दावतो. फुटाणा म्हंजी सुजणारा. शेंगदाणा म्हंजी साफ."

त्यांनी वर एक फुटाणा ठेवला. "ही माझी आज्जी." तिच्याखाली चार दाणे, दोन फुटाणे, दोन शेंगदाणे. "तिची लेकरं. ह्यातली ही माझी माय. घसा बंद होऊन गेली. लोकं म्हनले, करणी केली." मायच्या खाली ते दोन दाणे ठेवू लागले. पहिला फुटाणा. त्यावरून त्यांचं बोट हलेना. "ही माझी भईन, सोना. सोळा वर्साची व्हती. दात काढाया नेल्ती. दात निघाला अन् सांजच्याला गळा बंद. लोकं म्हनले, दृष्ट लागली. मी तव्हाच वळखलं म्याडम, ही दृष्ट न्हाई. ही वंशाची गोष्ट हाय."

सोना नावाची मला एक आत्या होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मग आप्पांनी एक शेंगदाणा उचलला. "हा मी." शेंगदाणा हातातच राहिला. तो त्यांनी परत खिशात टाकला आणि फुटाणा ठेवला. "मलाबी येती. पोटात येती. मी रानात जाऊन पडायचो, कुनाला दिसू दिली न्हाई. अन् ही कांता." माझा फुटाणा त्यांनी त्यांच्याखाली ठेवला. मग मूठ मिटली, तिच्यात फुटाणा होता की शेंगदाणा ते दिसलं नाही, आणि ऋतुजाकडे न बघता म्हणाले, "हिचं मला ठाव न्हाई."

डॉक्टरांनी मोबाईल काढून त्या टेबलाचा फोटो घेतला. म्हणाल्या, "बाबा, मी तपासण्या पाठवीन. पण निदान तुम्ही केलंत."

आणि तेवढ्यात सासूबाई बोलल्या. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "इवाई, मेंढरू इकताना खोड सांगून इकता तुम्ही. पोरगी देताना सांगावं वाटलं न्हाई?"

आप्पांची मान खाली. "मेंढरू माघारी आलं तर कळपात घालता येतं, इहीणबाई. पोरगी माघारी आली असती तर तिला कुठं घातली असती?"

सासूबाई उठून बाहेर गेल्या. त्यानंतर त्या आप्पांशी बोलल्या नाहीत. मीही रागावले होते, खोटं कशाला सांगू? आईनं तोंड शिवलं आणि यांनी शिवू दिलं. पण त्या रात्री मला डोळ्यांसमोर दिसत राहिलं ते एकच, परत खिशात गेलेला तो शेंगदाणा. चार लोकांत, व्याह्यांसमोर, त्या वयात माणूस स्वतःच्या जागी फुटाणा ठेवतो. माझा बाप आहे तो. मला त्याचा अभिमान वाटला, आणि राग असतानाच वाटला.

सैल टाका

डॉक्टरांनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या अंगात पेप्टाइड जातीचं एक इवलंसं संप्रेरक तयार होतं, ब्रॅडिकायनिन. कुठं मार लागला, दाह झाला की ते रक्तवाहिन्यांच्या भिंती थोड्या सैल करतं, म्हणजे आतलं पाणी झिरपून बाहेर यावं. हे सगळ्यांच्यात होतं आणि व्हायलाच पाहिजे. पण त्याला आवर घालणारं एक प्रथिन असतं, ते आमच्या वंशात कमी. मशीनचं टेन्शन ढिलं पडलं की टाके सैल येतात ना, तसं. मग पाणी झिरपतच राहतं. हातात झिरपलं तर हात सुजतो, आतड्यात झिरपलं तर गोळा उठतो, घशात झिरपलं तर माणूस जातो. ॲलर्जीचं यात काही नाही, म्हणून ॲलर्जीचं औषध चालत नाही. आणि मी घेत होते ती रक्तदाबाची गोळी नेमकी ब्रॅडिकायनिनला मोडू देत नाही. बाकीच्या लाखो लोकांना ती बराबर चालते. मला चालणार नव्हती, आणि ते मी एका वाक्यात सांगू शकले असते.

माझी गोळी बदलली. रक्त मुंबईला तपासायला गेलं आणि आप्पांचं मांडणं खरं ठरलं. आता रोजचं औषध आहे, आणि सूज घशाकडे निघाली तर टोचायचं एक इंजेक्शन फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी असतं. ते टोचलं तरी घशाची सूज असेल तर दवाखाना गाठायचाच, हेही लिहून ठेवा.

राहिली ऋतुजा. तिची तपासणी करायची का, यावरून घरात आठ दिवस धुसफूस झाली. हे म्हणाले, "कागदावर आलं तर पोरीचं जमायचं कसं?" त्यांचं प्रेमच बोलत होतं, पण मला माझी मान आठवली, दवाखान्यात हलवलेली. मी ओरडलेच, "सोनाचं जमलं का?" ह्यांनी दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

अहवाल ऋतुजाच्याच मोबाईलवर आला. तिनं वाचला, आणि माझ्याआधी फोन आप्पांना लावला. "आप्पा, मूठ उघडा. मी फुटाणा हाय."

पलीकडे म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला. ही त्याला दटावते, "रडून काय राह्यले? मला कळलं म्हणून मी जगणार. सोनाआज्जीला कळलं नव्हतं." माझी पोर तेव्हा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी आत जाऊन पोटभर रडले आणि बाहेर येऊन मशीनवर बसले.

लाल पिशव्या

मग मी माझ्या हाताला येतं ते केलं. अस्तराच्या उरलेल्या लाल कापडाच्या तळहाताएवढ्या पिशव्या शिवल्या, आत कार्ड. ऋतुजानं मजकूर मराठीत आणि इंग्रजीत छापून घेतला, डॉक्टरांनी तपासून दिला. आजाराचं नाव, 'ही ॲलर्जी नाही', काय द्यायचं, कोणती गोळी द्यायची नाही, दात काढण्याआधी काय करायचं. पिशवीची शिवण दुहेरी आहे, धुऊन उसवायची नाही.

आप्पा त्या पिशव्या बंडीत घालून भाऊबंदांकडे निघाले. ज्यांनी बावीस वर्षं लपवलं, ते आता वस्त्या-वस्त्यांवर जाऊन लोकांच्या टेबलावर, खाटेवर, कुठं जमिनीवर फुटाणे मांडत होते. एका घरातून त्यांना हाकललं, 'आमच्या पोरींचं वाटोळं करतो का' म्हणून. आठ दिवसांनी त्याच घरातली सून आपल्या सुजऱ्या मुलाला घेऊन माझ्या दुकानात आली. त्या पोराच्या गळ्यात आज लाल पिशवी आहे. आप्पांना जाऊन सांगा, तुम्ही मोठं काम केलं, तर म्हणतात, "कशाचं काम. उशीर झालाय."

मला एकदा पुन्हा मोठी सूज आली, सकाळी सकाळी. ऋतुजानं न थरथरता इंजेक्शन दिलं, सासूबाईंनी टेप धरला आणि ह्यांनी गाडी बाहेर काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी? मी पिशवीच त्यांच्या हातात दिली. गळा साडेतेराच्या वर गेला नाही.

पाहुणे

गेल्या महिन्यात ऋतुजाला बघायला पाहुणे आले. तिला नोकरी लागली आहे, मुलगा जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत आहे, दोघांची आधी फोनवर बोलणी झालेली. सासूबाईंनी सकाळीच ह्यांना सांगितलं, "टेंभुर्णीला फोन लाव. इवायाला बोलव." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला. कशासाठी बोलावलं, विचारायची माझी छाती झाली नाही.

आप्पा नवा पटका बांधून आले आणि दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसले. पाहुणे बसले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आतल्या दारात आले तोच सासूबाईंनी हात आडवा धरला. "थांब कांते."

आप्पा उठले. "पाव्हणं, माफी करा, एक सांगायचंय मला. आमच्या वंशात..."

"बसा इवाई," सासूबाई म्हणाल्या.

वाटलं, ही बाई आता झाकणार. माझ्या लग्नात माझ्या आईनं झाकलं तसंच, नातीसाठी.

सासूबाईंनी ऋतुजाच्या गळ्यातली लाल पिशवी काढली आणि मुलाच्या आईसमोर ठेवली. "आधी हे वाचा, मंग पोहे खा. आमच्या घरात सूज हाय. इवायाच्या न्हाई, आमच्या घरात. लाजायसारखं त्यात काय बी न्हाई, पर लपवण्यासारखं तर बिलकुल न्हाई." मग दाराकडे वळून म्हणाल्या, "इवाई, फुटाणे आणलेत न्हवं? मांडून दावा पाव्हण्यांना."

आप्पांनी खिशात हात घातला. टीपॉयवर आज्जी मांडली, माय मांडली, सोना मांडली, स्वतःला मांडलं, मला मांडलं. माझ्याखाली एक फुटाणा ठेवला आणि ऋतुजाकडे सरळ बघून म्हणाले, "ही आमची नात."

मुलाच्या आईनं कार्ड एकदा वाचलं, मागची बाजू वाचली, परत पुढची वाचली. मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "मला माहितीये आई. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलंय."

त्या बाईनं कार्ड पिशवीत घातलं, पिशवीची शिवण बोटानं चाचपली आणि ऋतुजाला जवळ बोलावलं. "हे इंजेक्शन कुठं टोचायचं असतं ग? मला शिकवून ठेव. तू एकटी असताना काय करशील?"

सासूबाईंनी पदर सारखा केला, माझ्याकडे बघितलं आणि दारातला हात खाली घेतला.

"बरं केलंस कांते, पिशवी शिवली ते," त्या म्हणाल्या. "आण आता पोहे."